वेणी घालायला आलेली जाऊ

मंडळी, भांडण झालं की माकडं थोड्या वेळाने पुन्हा जवळ येतात आणि एकमेकांचे केस साफ करतात, असं मी वाचलं होतं. वाटणीवरून धरलेल्या अबोल्यानंतर दोन वर्षांनी आज माझी धाकटी जाऊ सायखेड्याहून आली.

“बसा ताई, डोक्याला तेल लावून देते.”

हे गेल्यापासून माझ्या केसांना कुणाचा हात लागला नव्हता. डोळे भरून आले.

वेणी झाल्यावर तिने पिशवीतून यांच्या जमिनीचं हक्कसोडपत्र काढलं. “तेवढी सही करा. तुम्हाला कुठं शेती करायचीय?”

मी सही केली नाही. ती चहा न घेताच गेली.

माकडीण नंतर काही मागते का, हे पुस्तकात नव्हतं.

वेणी अजून तशीच आहे. सोडायला हात होत नाही. तुम्ही सोडली असती का?