संपावरच्या माणसाची बिअर

आमच्या चाळीतले लहू परब यांना कोणी प्रश्न विचारला की उत्तर दिल्याशिवाय राहवत नसे. जिन्यात कोणी सहज "काय, बरं आहे ना?" म्हटलं, तरी लहूदादा थांबत, विचार करत आणि काय बरं आहे, काय नाही ते नीट सांगू लागत. विचारणारा तोवर खाली पोचलेला असे.

परळच्या मंगळदीप मिलमध्ये ते मागावर होते. मूळचे कणकवलीकडचे. त्यांची बायको शांतीमावशी मात्र शीव कोळीवाड्याची. लग्नाआधी ती मिल सुटायच्या वेळी गेटसमोरच्या गल्लीत मासळीची टोपली घेऊन बसायची. लहूदादा रोज तिथे येऊन बांगडा घ्यावा की बोंबील, याचा विचार करत उभे राहायचे. एक दिवस ती वैतागून म्हणाली, "तुला म्हावरं घ्यायचंय का मला बघायचंय?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांना अख्खा पावसाळा लागला. दोन्ही घरांनी आदळआपट केली आणि लग्न झालं.

मग ब्याऐंशीचा संप आला. सगळ्यांबरोबर लहूदादाही बाहेर पडले. घर चाललं ते मावशीच्या टोपलीवर. वर्ष उलटलं, पुढचा पावसाळाही गेला आणि एकेक जण गुपचूप आत परत जाऊ लागला. लहूदादांच्या शेजारच्या मागावरचे, आमच्याच मजल्यावरचे कोंडीराम गेले. लहूदादा गेले नाहीत. ते काही मोठे लढवय्ये नव्हते. त्यांना फक्त कळत नव्हतं.

"संप मागे घेतलाय असं कोणी सांगितलं काय?" ते विचारायचे.

तसं कोणीच सांगितलं नव्हतं. ते वाट बघत राहिले. मधल्या काळात मिलने त्यांचं नाव कापलं, पुढे मिलच बंद पडली. लहूदादांना एका इस्पितळात लिफ्टमनचं काम मिळालं आणि तिथूनच ते रिटायर झाले. पण संपाचं काय झालं, ते राहूनच गेलं. कोंडीरामांशी बोलणंही तेव्हापासून बंद. भांडण असं झालंच नव्हतं. "तो आत, मी भायर. बोलायचं खय उभं ऱ्हवान?" असं त्यांचं म्हणणं.

त्यांची मुलगी दमयंती ठाण्याला बँकेत. तिने बापाला स्मार्टफोन घेऊन दिला आणि मराठीत टाइप कसं करायचं ते शिकवलं. आता हा फोन तर प्रश्नांची खाणच. दवाखान्यातून बाहेर पडलं की विचारणार, हे ठिकाण कसं होतं? पिठाच्या गिरणीतून आलं की तेच. लहूदादा खुर्ची ओढून बसत आणि चष्मा लावून उत्तर लिहीत. "गिरणी चांगली. मालक जरा घाईत असतो. ज्वारीत गहू मिसळतो, पण मुद्दाम नाही." चार तारे.

"कशाला लिहिता हो एवढं?" मी एकदा विचारलं.

"अगो, तो विचारता ना!"

संध्याकाळी ते मिलच्या गेटसमोरच्या बसस्टॉपवर बसायचे. एकदा फोनने विचारलं, हे ठिकाण कायमचं बंद झालं आहे का? हो, नाही, माहीत नाही. त्या दिवशी ते घरी आले ते कपाळाला हात लावूनच. मावशीने जेवायला वाढलं तरी फोन समोर धरून बसले होते. शेवटी 'माहीत नाही' दाबून एकदाचे जेवले.

पुढे मिलच्या आवारात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि मागच्या एका जुन्या शेडमध्ये बिअरचं दुकान निघालं. दुकान म्हणजे तिथेच बिअर बनवायची आणि तिथेच प्यायची, असला प्रकार. नाव इंग्रजी, पण त्यात 'मिल' हा शब्द होता. फोनने विचारलं, अमुकतमुक मिल कशी होती? लहूदादांना वाटलं, चला, इतक्या वर्षांनी कोणीतरी विचारलं. त्यांनी लिहिलं:

"पगार वेळेवर. हवा अजिबात नाही. आवाजाने कान जातात. माणसं चांगली. ब्याऐंशीपासून संपावर आहे." पाचापैकी तीन तारे.

थोड्या दिवसांनी एक मुलगी अभिप्रायावरचं नाव विचारत आमच्या चाळीत आली. पद्मजा तिचं नाव, शिवाजी पार्कची, त्या बिअरवाल्यांची मॅनेजर. खाटेवर अवघडून बसली आणि म्हणाली, "काका, तुमचा अभिप्राय वाचून आमच्या मालकांना वाटलं, आमची पोरं संपावर जाणार आहेत. दोनदा मीटिंग झाली."

लहूदादा गोंधळले. "पण मी मिलबद्दल लिहिलं."

"हो, आम्हीच मिल. म्हणजे मिल नाही, पण नाव तेच." ती स्वतःही जरा गोंधळली. "तुम्ही एकदा या. मावशींनाही आणा. बिअर चाखा आणि मग काय वाटेल ते लिहा. वाईट लिहिलंत तरी चालेल, फक्त बिअरबद्दल लिहा."

ती गेल्यावर खरा घोळ सुरू झाला. लहूदादा दारूला शिवलेले नव्हते, पण अडचण ती नव्हती. संपात बाहेर पडल्यापासून त्यांनी त्या गेटच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. संप तर कोणी मागे घेतलेला नाही. मग आत गेलं तर संप फोडल्यासारखं होईल की नाही?

"तू काय कामाला चाललास काय?" मावशी म्हणाली. "बसायला चाललास ना?" होळीला माहेरी बायकांच्या घोळक्यात बसून घोट घेणारी बाई ती. तिला यात विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं.

"गेट तोच ना गे पण!"

दोन-तीन दिवस ते गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. मला विचारलं, पोस्टमनला विचारलं. आणि एका सकाळी ते सरळ कोंडीरामांच्या दारात जाऊन उभे राहिले. आम्ही सगळे आपापल्या दारांत थिजलो. कोंडीराम दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस.

"कोंड्या," लहूदादा म्हणाले, "तू आत गेलास तेव्हा तुका कसा वाटला?"

कोंडीरामांनी वस्तरा खाली ठेवला.

"भूक लागली होती रे," ते म्हणाले. "दुसरं काय वाटायला जागाच नव्हती."

लहूदादांनी मान हलवली. हे उत्तर त्यांच्या प्रश्नाचं होतं की नव्हतं, ते त्यांना समजलं नसावं. मग त्यांनी विचारलं, "बिअर प्यायला येतोस?"

शनिवारी दुपारी तिघं निघाले. लहूदादा इस्त्रीच्या शर्टात, मावशी अबोलीचा गजरा माळून, कोंडीराम गुडघ्याला पट्टा बांधून. गेटवर लहूदादा थांबले. रखवालदाराने विचारलं, "बुकिंग है क्या?" ते त्याला सगळं पहिल्यापासून सांगू लागले. तोवर मावशी आत गेली होती. तिच्यामागे कोंडीराम लंगडत गेले. मग हेही गेले. झालं ते एवढंच, असं कोंडीराम नंतर सांगत.

आत काहीच ओळखू येईना. कोंडीराम म्हणाले, हे आपलं मागांचं खातं. लहूदादा म्हणाले, छे, हे गोदाम. कोंडीरामांनी वरच्या लोखंडी तुळया दाखवल्या. तुळया सगळीकडे सारख्याच होत्या. शेवटी दोघांनी नाद सोडला.

पद्मजाने एका लाकडी फळीवर सहा छोटे ग्लास आणून ठेवले. पिवळा, तांबूस, पार काळासुद्धा. मावशीने पहिला उचलला, घोट घेतला, डोळे मिटले.

"ही दुपारच्या ताडीसारखी. बरी आहे." दुसरा. "ही कडू. काढा आहे काढा." काळ्या ग्लासावर ती जरा थांबली. "करपलेल्या भाताचं पाणी! पण पोरी, अजून थोडी दे."

लहूदादांनी मावशीच्या आग्रहाने गव्हाच्या बिअरचा जेमतेम एक घोट घेतला आणि ग्लास नाकाशी धरून बसले.

"यात केळं घातलंय?"

"नाही काका. खमिरामुळे तसा वास येतो."

"म्हणजे केळं नाय?"

"अजिबात नाही."

"पण वास केळ्याचा हा."

"हो."

त्यांनी ग्लास कोंडीरामांपुढे धरला. कोंडीरामांनी वास घेतला आणि म्हणाले, "केळं आहे." पद्मजाने त्यांना आत नेऊन तांब्या-पितळेची भांडी दाखवली, मोड आणून वाळवलेला गहू हातावर दिला. दोघांनी तो चावून बघितला. गोड लागला. केळं मात्र कुठे दिसलं नाही.

त्या रात्री अभिप्राय लिहिला गेला. मावशी सांगत होती, ते टाइप करत होते. "काळी बिअर करपलेल्या भातासारखी, तरी दोनदा प्यावीशी वाटते. कडू बिअर ज्याला ताप आहे त्याने प्यावी. गव्हाच्या बिअरमध्ये केळं नाही असं सांगतात. बाकरवडी मऊ पडलेली." तारे किती द्यायचे यावर नवरा-बायकोत वाद झाला. मावशी म्हणाली पाच. यांचं म्हणणं, आधीचे तीन दिले होते ते मिलला, नवे दिले की ते पुसले जाणार, मग ते खोडायचे कसे? तिने फोन हिसकावून स्वतःच पाच दाबले.

तो अभिप्राय कसा कोण जाणे, पण खूप जणांनी वाचला. पुढच्या वर्षभरात लोअर परळहून, दादरहून, एकदा तर पार अंधेरीहून बोलावणी आली. प्रत्येक ठिकाणी पिणार मावशी, लिहिणार लहूदादा, आणि कोंडीराम खुर्च्यांना पाठ आहे की नाही ते बघणार, कारण या पबवाल्यांना बिनपाठीच्या उंच स्टुलांचा भारी सोस. लोक लहूदादांना बिअरमधले जाणकार समजायचे. तरुण पोरं येऊन विचारायची, "काका, काय घेऊ?" विचारलं म्हटल्यावर सांगणं आलंच. ते मावशीकडे बघायचे, ती बोटाने ग्लास दाखवायची.

"माका यातला काय एक कळना नाय," ते मला म्हणायचे. "आणि हे लोक लिहून घेतत."

मागल्या वर्षी मावशीला साखर निघाली. डॉक्टरांनी बिअर बंद केली. त्यानंतर दादरला एक नवीन पब निघाला. तिथलं बोलावणं नाकारावं की काय, यावर पुन्हा गॅलरीत येरझाऱ्या झाल्या. शेवटी दोघे म्हातारेच गेले. कोंडीरामांनी दोन ग्लास रिचवले आणि दोन्ही सारखेच असल्याचं जाहीर केलं. लहूदादांनी पंख्याबद्दल, मोरीबद्दल आणि वाढप्या मुलाच्या चांगल्या वागणुकीबद्दल लिहिलं. टॅक्सीतून उतरले तेव्हा दोघे तावातावाने भांडत होते. मंगळदीपच्या कँटीनचा दरवाजा पूर्वेला होता की पश्चिमेला, यावरून. वर येईपर्यंत त्यांचा आवाज चाळभर घुमत होता. शेवटी मावशी दारात आली आणि म्हणाली, "आता दोघंही आत या, सोलकढी केलीय."