रुमालातला तुकडा

नोएडात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक गृहस्थ त्यांच्या आईबरोबर राहायचे. चर्चच्या कमिटीनं चर्चचं मैदान बिल्डरला विकलं, तेव्हापासून ते चर्चच्या आत गेले नाहीत. "देव असेल आत, पण कमिटी पण आहे ना," एवढंच म्हणायचे. तरी दर रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून त्यांच्या आईला आणि मला चर्चला सोडायचे, आणि उपासना संपेपर्यंत फाटकाबाहेर गाडीतच बसायचे. गीत सुरू झालं की काच खाली करायचे. प्रभुभोजनाच्या विधीत मिळणाऱ्या भाकरीचा अर्धा तुकडा त्यांच्या आई रुमालात लपवून आणायच्या. ते समोर बघत म्हणायचे, "नको, आई."

आई गेल्या. पुढच्या प्रभुभोजनानंतर मी एकटीच बाहेर आले आणि गाडीचं दार उघडलं.

"नको, आई," ते समोर बघत म्हणाले.

मी काही आणलंच नव्हतं.