भाजीच्या कप्प्यात झोपलेले कंद

यंदा उन्हाळाभर आमच्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात भाजी सोडून सगळं विज्ञान होतं.

म्हणजे ग्लॅडिओलसचे कंद. दिसायला चपट्या कांद्यासारखे. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांना यंदा घरचीच फुलं, असं मी मोताळ्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीत सांगून बसलो होतो. आता माघार नव्हती. बायको हातात कैऱ्या घेऊन फ्रिजपाशी उभी.

"माह्या फ्रिजात काऊन?"

"अगं, थंडीत कंद झोपतो. श्वास हळू घेतो, अंगातलं पाणी राखतो. बाहेर आपल्या उन्हात त्याची खारीक होईल. अन् थंडीनं आतल्या पिठाची साखर होते, त्या जोरावर कोंब फुटतो."

"मंग मलेच ठेवा त्या कप्प्यात. मीबी जरा झोपीन."

मी कंद प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधले. (झोपलेला कंदही श्वास सोडतो, हे माझं मीच विसरलो.) पिशवीला घाम फुटला, काही कंद सडले, दह्याला वास लागला. ते दही बायकोनं माझ्याच ताटात वाढलं. उरलेले कंद मी कागदात सैलसर गुंडाळले.

पाऊस झाला. रविवारी लावू म्हटलं, तर त्याआधीच वडनेर भोलजीहून माय आली, नेमकी कांदेनवमीला. मायचा चातुर्मास कडक. एकादशीपासून घरात कांद्याचं साल दिसलं तरी ती पिशवी उचलून परत गावी जाणार. त्यामुळे घरातला कांदा नवमीला संपलाच पाहिजे. बायको बाजारात गेलेली. मी ऑफिसातून आलो तर ताटात गरम भजे.

"माय, मस्त झाले. गोडसर लागून राह्यले."

"हाव, थंडे कांदे होते ना. सुनबाईनं फ्रिजात कागदात बांधून ठेवले होते. नवमीले संपवा लागते का नाही?"

मी उठून फ्रिज उघडला. कप्प्यात नुसता कागद.

"माय, ते कांदे नव्हते, माही फुलं होती."

"मंग तू काऊन खाल्ले?"

याचं उत्तर माझं पोट रात्रभर देत राहिलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला गल्ली जमली. मखराला बाजारातला झेंडू. शेजारच्या काकांनी विचारलंच, "भाऊ, घरच्या फुलायचं काय झालं?"

मी थंडीपासून सुरुवात केली. पिठाची साखर कशी होते इथवर आलो, तेवढ्यात पुरणपोळी वाढणाऱ्या बायकोनं माझं बोलणं तोडलं.

"झालती काका, साखर झालती. यायनं स्वतः खाऊन पाह्यली."

मग माझ्या पानात न मागता दोन भजे पडले. बिनकांद्याचे आहेत, एवढं तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.