किचनर का फुटलं

आमच्या किचनरच्या मराठी मंडळाने यंदा गणपतीत स्मरणिका काढली. गुळगुळीत कागद आणि मुखपृष्ठावर मेपलच्या पानात बसवलेला गणपती. तिसऱ्या पानावर मंडळाचा इतिहास आहे. २००९ साली आपण टोरोंटोच्या मूळ मंडळातून वेगळे झालो ते अंतरामुळे, असं तिथे म्हटलंय. हिवाळ्यात चारशे-एक हायवेवरून मुलाबाळांना घेऊन टोरोंटोच्या पूर्व टोकाला स्कारबरोपर्यंत जाणं धोक्याचं होतं म्हणे. खाली संस्थापक सभासदांची यादी आहे आणि तीत माझं नाव तिसरं आहे.

हे खोटं आहे. आम्ही वेगळे झालो ते शोभामुळे. स्मरणिकेच्या बावन्न पानांत शोभाचं नाव कुठेही नाही, म्हणून मी ते इथे लिहिते आहे.

शोभा उदगीरची. बारावी झालेली. नवरा अपघातात गेल्यावर तिने नर्सिंगचा छोटा कोर्स केला, मुलीला आईकडे ठेवलं आणि पुण्यात आजाऱ्यांच्या घरी राहून कामं करू लागली. रश्मीची आई शेवटचं वर्षभर अंथरुणावर होती, तेव्हा तिचं सगळं शोभाने केलं. पुढे इकडे किचनरला रश्मी आणि निमिष यांना जुळी मुलं झाली. दोघं सॉफ्टवेअरमध्ये, दोघांनाही नोकरी सोडायची नव्हती. त्यांनी शोभाला लिव्ह-इन केअरगिव्हर म्हणून बोलावून घेतलं. जून २००७ मध्ये ती आली. तेव्हा तिची चैत्राली नऊ वर्षांची होती.

सरकारचा तेव्हाचा नियम असा होता: मालकाच्या घरी राहून चोवीस महिने काम करायचं, तेही आल्यापासून तीन वर्षांच्या आत. मग कायम राहण्यासाठी अर्ज करता येई आणि मूल आणता येई. काम केल्याचं पत्र मात्र मालकाने द्यायचं. शोभा ते महिने मोजत होती. कितवा चालू आहे असं कधीही विचारा, तिला तारखेसकट ठाऊक असायचं.

जुळ्यांचं करणं हे तिचं काम. पण दोनच महिन्यांत स्वयंपाक, कपडे, बेसमेंट आणि वॉशरूम साफ करणं, बर्फ शोव्हल करणं, सगळं तिच्याकडे आलं. मुलांशी मराठी बोलायचं नाही असं रश्मीने तिला बजावलं होतं. कारण मुलांच्या तोंडी उदगीरची भाषा बसली असती. पासपोर्ट 'सांभाळून ठेवायला' निमिषने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला होता.

हे सगळं त्यांच्या घरात चाललं होतं, आम्हाला काय ठाऊक, असं म्हणायची सोय आम्हाला नाही. रश्मीचा फोन यायचा, "शनिवारी शोभा हवीय का तुला? रिकामी आहे ती." रश्मीच्या फ्रिजवर कॅलेंडर होतं. त्यावर शोभा कोणत्या शनिवारी कोणाकडे हे हिरव्या पेनने लिहिलेलं असायचं. आम्ही अकरा घरं होतो आणि अकराही घरांची नावं त्यावर होती. माझ्याकडे ती गणपतीला आली. मोदक तिने वळले, पाहुण्यांनी माझी तारीफ केली आणि मी ती घेतली. जेवायला बस म्हटलं तर म्हणाली, "नंतर बसते वहिनी, आधी भांडी होऊ द्या." भांडी झाल्यावर निमिष तिला न्यायला आला. तिच्या वाट्याचे मोदक मी डब्यात घालून दिले आणि आपण फार चांगल्या आहोत असं मला वाटलं.

टोरोंटोबद्दलच्या आमच्या तक्रारी खऱ्या होत्या, तेही सांगते. सगळे कार्यक्रम स्कारबरोला. अध्यक्ष कायम तिकडचेच, सदुसष्टनंतर, इमिग्रेशन खुलं झाल्यावर आलेल्या डॉक्टर-प्रोफेसरांपैकी. आम्ही मागून आलेले आयटीवाले. आम्ही दीड तास गाडी हाकून पोचलो की कोणीतरी हमखास म्हणणार, "किचनर? म्हणजे अजून कॅनडातच आहात ना?" नाटकात आमच्या वाट्याला पडदा ओढायचं काम. आमच्या मुलांसाठी मराठी वर्ग काढा म्हणून तीनदा अर्ज दिले, तिन्ही हरवले. हे आठ वर्षं चाललं होतं. आठ वर्षं आम्ही कुरकुरलो, पण फुटलो नाही.

जानेवारी २००९ चा संक्रांतीचा कार्यक्रम. जेवणाची जबाबदारी किचनरवर होती, म्हणजे शोभावर. गुळपोळ्या तिने दोन दिवस खपून केल्या होत्या. हॉलच्या स्वयंपाकघरात ती एकटीच पोळ्या गरम करत होती, तिथे चित्राताई चहा घ्यायला गेल्या. चित्राताई बहात्तर वर्षांच्या. स्कारबरोच्या एका हायस्कुलात वीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी शोभाला सहज विचारलं, तुझा सुट्टीचा वार कोणता?

शोभा थोडा विचार करून म्हणाली, "शनिवारी बाकीच्यांच्या घरी असते."

चित्राताईंनी चहाचा कप खाली ठेवला. पुढचा अर्धा तास त्या स्वयंपाकघरातच होत्या. बाहेर आम्ही तिळगूळ वाटत होतो, गोड बोला म्हणत होतो. दुपारी तीन वाजता शोभा चित्राताईंच्या गाडीत बसून निघून गेली. अंगावर रश्मीचा जुना कोट होता. सामान काहीच नव्हतं.

त्या आठवड्यात किचनरमध्ये दुसरा विषय नव्हता. रश्मी रडत होती, मुलं जेवत नाहीत म्हणत होती. निमिषने चित्राताईंना फोन केला. आमची बाई परत पाठवा, तोवर पासपोर्टही मिळणार नाही आणि पत्रही नाही, असं त्याने सांगितलं. चोवीसपैकी एकोणीस महिने झाले होते. पत्र नसेल तर ते एकोणीस महिने झालेच नाहीत असं होणार होतं.

निमिषने मंडळाकडेही तक्रार केली. शोभाला परत करायला लावा आणि चित्राताईंना मंडळातून काढा. अध्यक्ष विलासराव स्वभावाने भित्रे होते. खासगी बाब आहे, मंडळ यात पडणार नाही, एवढंच त्यांनी ईमेलवर कळवलं. तेवढं पुरलं. ज्या टोरोंटोने आमचे अर्ज हरवले तरी आम्ही गप्प बसलो, ते टोरोंटो आता आमची बाई परत देत नव्हतं. आता आम्हाला स्वाभिमान आठवला.

बैठक माझ्या बेसमेंटमध्ये झाली, कारण प्रिंटर माझ्याकडे होता. मला मराठी टाइप करता येतं म्हणून पत्रही मीच टाइप केलं. निमिष सांगत होता आणि मी बोटं चालवत होते. पहिला मुद्दा असा होता: "जून २००७ पासून गेले एकोणीस महिने निमिष व रश्मी यांच्या घरी अखंड काम करणारी व गरजेनुसार आम्हा सर्व सभासदांच्या घरी काम करणारी बाई शोभा हिला आपल्या सभासद चित्राताई यांनी फूस लावून नेले व मंडळ तिला परत करण्यास नकार देत आहे. सबब आम्ही स्वतंत्र होत आहोत." अंतर आणि मराठी वर्ग हे मुद्दे पाचवे-सहावे होते. अकरा घरांच्या सह्या झाल्या. माझी तिसरी.

कोणालाही त्यात काही गैर वाटलं नाही, हे मला आजही सगळ्यात भयंकर वाटतं. आम्ही ते अभिमानाने लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या गुरुदत्तने पत्र वाचलं. तो एका कंपनीत एचआरमध्ये होता आणि सही करून घाईने निघून गेला होता. आता त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. पहिला मुद्दा काढा, म्हणाला, परमिट एका घराचं आणि काम अकरा घरी, हे असलं लिहून ठेवायचं नसतं. मग सात मुद्द्यांचं नवं पत्र तयार झालं. अंतर, हायवे, हॉल, नाटक, वर्ग, अध्यक्षपद, सन्मान. पुन्हा सह्या झाल्या. जुनं पत्र फाडून टाकायचं काम माझ्याकडे आलं. मी ते कपडे वाळवायच्या ड्रायरवर ठेवलं, त्यावर टॉवेल पडले. मोठ्या मनाने जपून ठेवलं असं नाही. राहून गेलं.

फेब्रुवारीत चित्राताईंचा फोन आला. माझ्याकडे त्यांनी काही मागितलं नाही. फक्त सांगितलं की शोभाला स्कारबरोला एका आजींकडे काम मिळतंय, नव्या परमिटसाठी पासपोर्ट लागतोय, आणि निमिष हलत नाही. "ती सगळे महिने पुन्हा मोजायला तयार आहे," त्या म्हणाल्या, "पण तीन वर्षांत ते बसत नाहीत."

मी टॉवेल काढले. कागद तिथेच होता.

संजय, माझा नवरा, निमिषच्याच टीममध्ये होता. तो म्हणाला, "उद्या मला त्याच्यासमोर बसायचंय." मी म्हटलं, बस. तो म्हणाला, आपलीही सही आहे त्यावर. मी म्हटलं, ठाऊक आहे. आणखी बरंच बोलणं झालं, ते लिहीत नाही. शनिवारी दुपारी मी एकटीच स्कारबरोला गेले. हिवाळ्यातल्या हायवेवरून, ज्याच्यावरून जाणं धोक्याचं होतं.

चित्राताईंनी चष्मा लावून पत्र सावकाश वाचलं. शोभा समोर खुर्चीत बसली होती. तिला बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

"तुझी सही तिसरी आहे," चित्राताई म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

"वीस वर्षं मी मुलांना प्रश्न घालायचे," त्या म्हणाल्या. "अमेरिकेतली दक्षिणेकडची राज्यं फुटून का निघाली? अर्धा वर्ग लिहायचा, राज्यांच्या हक्कांसाठी. मी लाल पेनने लिहायचे, कसला हक्क? फुटणाऱ्यांनी स्वतःच्या जाहीरनाम्यात सांगून ठेवलं होतं की आमचे पळालेले गुलाम उत्तरेकडचे परत देत नाहीत. इथे ओंटारियोपर्यंत पळून येत होते ते लोक. भांडणं आधीचीही होती, करांची, इभ्रतीची. पण भांडणाने कोणी घर सोडत नाही गं. हातातली माणसं जातील म्हटल्यावर सोडतात. यादवी युद्धात हरल्यावर मग म्हणायला लागले की गुलामांचा काही संबंधच नव्हता." त्यांनी कागदाची घडी घातली. "त्यांना पहिला मुद्दा काढायला काही वर्षं तरी लागली. तुम्ही एका दिवसात काढलात."

मग त्यांनी स्पीकरवर निमिषला फोन लावला आणि पहिला मुद्दा वाचून दाखवला. तारखेसकट, सह्यांच्या नावांसकट. हा कागद इमिग्रेशनच्या ऑफिसला पाठवू, की तुम्हीच नीट पत्र लिहून देता, असं विचारलं. पलीकडे मागे एक मूल रडत होतं.

"हा कागद तुम्हाला कोणी दिला?" निमिषने विचारलं.

चित्राताई माझ्याकडे बघत होत्या.

"मी दिला, निमिष," मी म्हटलं.

बुधवारी कुरियरने पासपोर्ट आला, सोबत एकोणीस महिन्यांचं पत्र. उरलेले पाच महिने शोभाने त्या आजींकडे पूर्ण केले. परमिट यायला लागलेला वेळ धरूनही ती तीन वर्षांच्या आत बसली. अर्ज गेला, आणि पुढे दोन वर्षांहून जास्त वाट पाहण्यात गेली.

मला आणि संजयला कोणी मंडळातून काढलं नाही. नुसतं बोलवेनासे झाले. संजयने टीम बदलून घेतली. रश्मी ग्रोसरीत दिसली की ट्रॉली वळवते. तिच्या फ्रिजवरचं कॅलेंडर निघालं असेल. पण अकरा घरांपैकी एकानेही कधी शोभाला फोन करून कशी आहेस म्हणून विचारलं नाही. सगळ्यांना तिचे मोदक मात्र आठवतात. "तशी बाई पुन्हा मिळाली नाही," असं अजून ऐकू येतं.

या ऑगस्टमध्ये चैत्राली आली. चित्राताईंचे गुडघे दुखत होते, म्हणून एअरपोर्टला शोभासोबत मी गेले. मीच विचारलं होतं, येऊ का म्हणून. तिने जरा थांबून हो म्हटलं होतं. चौदा वर्षांची उंच मुलगी बॅग ओढत बाहेर आली आणि आईला ओळखायला तिला क्षणभर लागला. मी दूर उभी राहिले. नंतर शोभा तिला घेऊन माझ्याकडे आली. तिने डोळे पुसले होते.

"ह्या काकू," ती लेकीला म्हणाली. "ह्यांच्या घरी मी काम केलंय."

ती आणखी काही सांगेल म्हणून मी थांबले. कागदाचं, हायवेचं, निमिषच्या फोनचं. मुलगी नमस्काराला वाकत होती, तर शोभाने तिचा दंड धरून तिला सरळ उभं केलं, बॅग स्वतःच्या हातात घेतली आणि गाडी कुठे लावली आहे असं मला विचारलं.