बाल्तासाराची तेरा नाणी

बाल्तासारा पिलामुंगाला नेमकं मोजून देणं जमतच नाही. रिओबांबाच्या बाजारात अख्खं भाजलेलं डुक्कर पुढ्यात घेऊन ती तीस वर्षं बसते आहे. ताटात मांस, उकडलेला मका आणि बटाट्याच्या दोन टिक्क्या घातल्या, की तिचा उजवा हात पैसे घेतो आणि डावा हात आपण होऊन कुरकुरीत कातड्याचा एक तुकडा ताटात टाकतो. हा वरचा तुकडा म्हणजे यापा. त्याचे पैसे नसतात. यापा न देणारी बाई आमच्या बाजारात महिनाभर टिकायची नाही, आणि यापा मागायला लाजणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे.

दोन हजार साली देशानं आपलं चलन, सुक्रे, मोडीत काढलं आणि अमेरिकी डॉलर आणला, तेव्हा तिच्या पाठीवरच्या शालीत नऊ महिन्यांचा मुलगा क्लेवेर बांधलेला असायचा. स्वतःची भट्टी घालायची म्हणून तिनं बँकेत साठ लाख सुक्रे साठवले होते. बँकेनं वर्षभर दारं लावून घेतली. उघडली तेव्हा पंचवीस हजारांना एक या भावानं तिच्या हातावर दोनशे चाळीस डॉलर ठेवले. ते बघून नवरा म्हणाला, "मी स्पेनला जातो, तिथून पाठवतो." त्यानं दोनदा पैसे पाठवले, मग एक पत्र, मग तेही नाही.

त्याच सुमारास एका सकाळी डोंगरावरच्या गावातून आलेल्या म्हातारीनं जेवणाचे पैसे म्हणून तिच्या हातात एका डॉलरचं पिवळं नाणं ठेवलं. त्यावर एक तरुण बाई होती. पाठीला मूल बांधलेली, मान वळवून मागे बघणारी.

"बघ गं," म्हातारी म्हणाली, "गोऱ्यांनी तुला न विचारता तुझा फोटो छापलाय!"

बाल्तासारानं मान वळवून मागे पाहिलं, पाठीवरच्या क्लेवेरनं ढेकर दिला, आणि शेजारची रसवाली हेनोवेवा हसून हसून टोमॅटोसारखी लाल झाली. तेव्हापासून बाजार तिला "नाण्यावरची बाई" म्हणू लागला. ते पहिलं नाणं तिनं खर्चलं नाही. कागद भिजतो, बँक बुडते, पण ही बाई पोराला टाकून कुठे जात नाही, असं तिला वाटलं. पुढे क्लेवेरच्या दर वाढदिवसाला ती गल्ल्यातून असंच एक नाणं काढून ठेवायची. तेरा झाली तेव्हा थांबली. आमच्याकडे लग्नात नवरा नवरीच्या ओंजळीत तेरा नाणी ओततो, मिळवीन ते तुझं, असं म्हणत. क्लेवेरच्या हातून ती हीच ओतली जाणार, हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

क्लेवेर मोठा झाला, बसच्या गॅरेजात मेकॅनिक झाला, आणि प्रेमात पडला तो थेट हार्डवेअरच्या दुकानवाल्यांच्या नार्सिसाच्या. बोलणी करायला बाल्तासारा नवी शाल पांघरून त्यांच्या घरी गेली. केक झाला, कॉफी झाली, मग तिनं रुमालाची गाठ सोडून तेरा नाणी टेबलावर मांडली.

मुलीच्या आईनं, ओर्तेन्सियाबाईंनी, त्यांतलं एक दोन बोटांनी उचललं. "बाजारात फिरलेली? आणि ही चर्चमध्ये?" त्या म्हणाल्या. "विहीणबाई, सराफाकडे सोन्याचा मुलामा दिलेला अख्खा संच मिळतो, मखमली डबीत. तो मी आणते. तुम्ही कशाला काळजी करता?"

ओर्तेन्सियाबाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांच्या दुकानात खिळेसुद्धा ग्रॅमवर विकले जायचे आणि जगही त्या तसंच तोलायच्या, एवढंच. पण "काळजी करता" हे बाल्तासाराला काट्यासारखं रुतलं. तिनं नाणी गोळा केली आणि घरी येऊन शाल घडी न करताच पेटीत कोंबली.

आठवडाभरानं हेनोवेवा मोबाइल नाचवत आली. "अगं ए नाण्यावरचे बाई! तू लक्षाधीश झालीस, आणि इथे डुकराचे कान कापत काय बसलीयेस?"

व्हिडिओत एक तरुण सांगत होता, की पाठीवर मूल असलेल्या बाईचं हे डॉलरचं नाणं, दोन हजार सालचं, पाच पाच हजार डॉलरला विकलं गेलंय. शेवटी तो काहीतरी भरभर म्हणाला, पण तेवढ्यात मिक्सर सुरू झाला होता. बाल्तासारानं घरी जाऊन बघितलं. तेराही नाण्यांवर दोन हजार! काळवंडलेल्या नाण्यांना कोण भाव देणार म्हणून तिनं ती लिंबू आणि मीठ लावून खसाखसा घासली. पुरोहितासमोर जायची भांडी आम्ही अशीच घासतो. मग तिनं जे केलं ते कुणीही केलं असतं. ती बाजारभर सांगत सुटली. बाजारातून ते दोन तासांत हार्डवेअरच्या दुकानात पोचलं.

ओर्तेन्सियाबाई दुसऱ्याच दिवशी जातीनं जेवायला आल्या. "विहीणबाई, ती नाणी घरात कशाला ठेवता? आमच्या तिजोरीत ठेवा. आणि लग्नात तीच हवीत हं! तेवढा कुणा जाणकाराचा कागद मात्र घ्या. पाहुण्यांना दाखवता येईल."

त्यांनी पैसे दिले. बाल्तासारानं कातड्याचे दोन तुकडे घातले. त्या दिवशी तिच्या पाठीचा कणा वीतभर लांब झाला होता.

कागदासाठी ती आब्सालोनकडे गेली. चौकाच्या कमानीखाली जुनी तिकिटं आणि नाणी घेऊन बसणारा हा म्हातारा. त्याच्या डोक्यावर दोरीला चिमटे लावून सुक्रेच्या नोटा टांगल्या होत्या. पाच हजारांची नोट, किंमत दोन डॉलर.

"ह्या नोटेला मरताना जेमतेम वीस सेंट मिळत होते," बाल्तासारा म्हणाली.

"मेली म्हणून तर भाव आला, बाई. परदेशी पाहुणे घेतात. दाखवा तुमचं."

त्यानं भिंग लावून एकेक नाणं उलटसुलट पाहिलं. घाई केली नाही, हे त्याचं मोठेपण. तेरावं ठेवून त्यानं भिंग पुसलं.

"ती पाच हजारांची नाणी वेगळी. मोजकीच निघालेली, ठशातच फरक असलेली, कधी कुणाच्या खिशात न गेलेली. ही फिरलेली आहेत. फिरलेल्या नाण्यावर जे लिहिलंय तेवढंच त्याचं मोल. एक डॉलर."

"पाच हजारांचं एकसुद्धा नाही? नीट बघा की हो दादा. ह्या पहिल्याचं तरी..."

"ह्या पहिल्याचं तर नाकच झिजलंय."

"मग माझं काय तसंच राहिलंय?"

आब्सालोन हसला, मग बोटानं चमक चाचपून म्हणाला, "लिंबानं घासलीत ना? घासलेल्या नाण्याचा भाव जातो. ह्यांत एखादं खरं निघालं असतं, तर ते तुम्हीच मारलं असतं."

"म्हणजे मी दोनदा मूर्ख."

"एकदाच. मारायला आत काही नव्हतंच."

त्याला काय द्यायचं विचारलं, तर त्यानं शनिवारी जेवायला येतो म्हणून सांगितलं. ती कमानीखाली बराच वेळ उभी राहिली. हे कुणाला बोलायचं कारणच नव्हतं. कागद मागाहून येतोय म्हणायचं, लग्न चार दिवसांवर आलं होतं, ते पार पडलं असतं, आणि नाणी तीच ओतली गेली असती. मान ताठ राहिली असती. पण साठ लाखांचे दोनशे चाळीस करून हातावर ठेवणारा बँकेतला माणूस तिला आठवला. तो तिच्या तोंडाकडे न बघता बोलला होता. आपल्याला तसं बोलायचं नाही, एवढं तिला कळलं आणि ती चालू लागली.

दुकानात नार्सिसा गिऱ्हाइकाला खिळे तोलून देत होती. बाल्तासारानं ओर्तेन्सियाबाईंच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "एकेक डॉलरचीच आहेत. मी उगाच हुरळले. माझी चूक झाली."

ओर्तेन्सियाबाईंनी वही मिटली. त्यांना थोडं हायसंच वाटलं असावं. "हरकत नाही, विहीणबाई. मखमली डबी आणते मी."

बाल्तासाराची नजर तराजूवर गेली. आई कपाटाकडे वळली तशी नार्सिसानं काटा स्थिर झाल्यावर चिमूटभर खिळे पिशवीत आणखी टाकले, आणि सासूकडे बघितलंच नाही.

लग्नाच्या सकाळी बाल्तासारानं नाणी रुमालात बांधली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. ओतली न गेली तरी चर्चमध्ये येऊ देत, एवढीच तिची इच्छा होती. भट्टीवरचं शेवटचं गिऱ्हाईक नुकतंच गेलं होतं, गल्ला उघडाच होता, आणि घाईनं तिचे हात आपापलं काम करत होते.

चर्चमध्ये पुरोहितानं नाणी मागितली. ओर्तेन्सियाबाईंनी डबी उघडली. नार्सिसानं ओंजळ पुढे केली नाही. ती मागे वळली.

"सासूबाई, ती द्या ना."

"कुठली गं?" बाल्तासाराचा हात कमरेच्या पिशवीवर गेला.

"क्लेवेरच्या वाढदिवसांची. मी त्या घरात येतेय, डबीत नाही."

ओर्तेन्सियाबाईंनी डबी शालीआड घेतली. क्लेवेरनं आईच्या हातून रुमाल घेतला, गाठ सोडली आणि नाणी नार्सिसाच्या ओंजळीत ओतली. ती खणखणत पडली, आणि ओर्तेन्सियाबाईंनी सवयीनं मोजली.

"चौदा!" त्या पुटपुटल्या, पण पहिल्या चार बाकांना ऐकू गेलं. "अहो, तेरासुद्धा मोजता येत नाहीत?"

सकाळी गल्ल्यापाशी आपला डावा हात काय करून बसला ते बाल्तासाराला आत्ता उमगलं. इतकी वर्षं जपलेली गोष्ट, आणि भर चर्चमध्ये आपणच तिचं हसं केलं! तिला वाटलं, जमीन दुभंगावी.

नार्सिसानं ओंजळीतली नाणी पुरोहितापुढच्या ताटात सोडली, एकेक करून, तेरा. चौदावं तिनं मुठीत ठेवलं.

"मोजणी बरोबर आहे, आई," ती म्हणाली. "हा यापा आहे. हा माझा."

शेवटच्या बाकावरून हेनोवेवानं शिट्टी मारली, पुरोहितानं तिच्याकडे डोळे वटारले आणि मग तोही हसला. बाल्तासारा रडत होती, आणि लोकांना दिसू नये म्हणून तिनं मान वळवून मागे पाहिलं.