तूलिक्कीचा गुडघा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नाशिकला आईला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. सात वर्षं झाली. सांगायला बसले की मी भलतंच काहीतरी सांगत सुटते — बर्फाचं, शनिवारच्या सकाळींचं, तिच्या त्या अचानक येणाऱ्या हसण्याचं. आताही तसंच होणार, आधीच सांगून ठेवते.

तूलिक्की फिनलंडची. आमच्या सिंगापूरच्या, चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात वर्षभराच्या प्रोजेक्टवर आली होती. उंच, लालसर गालांची, बोलणं अगदी मोजकं. पहिल्याच दिवशी पँट्रीत मी तिला चौकशांनी भंडावून सोडलं — लग्न झालंय का, घरी कोण कोण असतं, इथे जेवणाचं काय करतेस? आपल्याकडची सवय, दुसरं काय. तिने कॉफीचा घोट घेतला आणि यातल्या एकाही प्रश्नाचं नसलेलं उत्तर दिलं. "मी आइस हॉकी खेळते."

मला हॉकी ठाऊक होती ती शाळेच्या मैदानावरची. ही बर्फावरची. पायात पात्यांचे बूट, हातात काठी आणि चेंडूच्या जागी रबराची चकती. हळूहळू तिच्याकडून एकेक कळत गेलं. चार वर्षांची असताना ती गोठलेल्या तळ्यावर भावांच्या मागे धावायला लागली. गावात मुलींचा संघच नव्हता, म्हणून पंधरा वर्षांची होईपर्यंत मुलांबरोबर खेळली. मग शहरातल्या क्लबात आली. दिवसभर नोकरी, संध्याकाळी सराव, सुटीच्या दिवशी बसमधून तासन्‌तास प्रवास करून सामने. पुरुष खेळाडूंचे फोटो बसस्टॉपवर लागायचे आणि या बायका आपापल्या जर्सी घरी नेऊन धुवायच्या. हे ती तक्रार म्हणून सांगत नसे, बरं का — आपण पाण्याची वेळ सांगतो ना, तसं सांगायची. पाच वर्षं देशाच्या संघात बचाव फळीत खेळली. एक कांस्यपदक मिळालं, ते तिच्या आईने स्वयंपाकघरात खुंटीला अडकवलं. मग एका वर्षी यादीत तिचं नाव आलं नाही.

पण जुना क्लब तिला विसरला नव्हता. त्यांनी कळवलं होतं, पुढच्या वर्षी परत ये, एक शेवटचा सीझन खेळ, कॅप्टन म्हणून. ती चौतीस वर्षांची होती. ते वर्ष ती त्या एका सीझनसाठी जगत होती, असं म्हटलं तरी चालेल. रोज सकाळी ऑफिसच्या इमारतीचे सगळे जिने चढून उतरायची. आम्ही लिफ्टसाठी ताटकळत उभ्या असताना ही घामाने निथळत वरून खाली यायची.

आणि दर शनिवारी सकाळी ती आम्हा आठ-नऊ जणींना शिकवायची, हौशीने, एका मॉलच्या वरच्या मजल्यावरच्या बर्फाच्या रिंकमध्ये. कुणी नर्स, कुणी शिक्षिका, आणि मी — सदतीस वर्षांची, सेंगकांगहून लांबचा प्रवास करून येणारी, कठडा धरून चालणारी. माझी ईरा तेव्हा आठ वर्षांची होती. काचेमागून ओरडायची, "ममा, यू सो स्लो लाह! द वॉल ऑल्सो फास्टर!" मी पडायचे, हसायचे, पुन्हा उठायचे. सराव संपला की बाहेरच्या उकाड्यात पाऊल टाकताच सगळ्यांचे चष्मे एकदम धुरकट व्हायचे आणि आम्ही आंधळ्यासारख्या हॉकर सेंटर, म्हणजे इथली खाऊगल्ली, गाठायचो. ओले मोजे पिशवीत, नारळाचा जॅम लावलेला काया टोस्ट, कोपी म्हणजे इथली गोड कॉफी, दुखणाऱ्या पोटऱ्या. तूलिक्की टोस्ट कोपीत बुडवून खायची, पार्ल्याचं बिस्कीट बुडवावं तसा. इथे येऊन मला बारा वर्षं झाली. तसे शनिवार मला पुन्हा मिळाले नाहीत.

बघा, सुटलेच ना.

तर, वेग मला लवकर आला. थांबणं येईना. दोन्ही पाती एकदम आडवी करून बर्फ खरवडत उभं राहायचं असतं. त्याला धीर लागतो. मी आपली कठड्यावर जाऊन आदळायचे आणि तेच माझं थांबणं. तूलिक्कीने कितीदा दाखवलं. शेवटी मी कुणालाही न सांगता ऑफिसनंतर मंगळवारी, गुरुवारी एकटीच रिंकवर जायला लागले. आणि एका गुरुवारी जमलं! एकदा, मग दुसऱ्यांदा, मग दहादा ओळीने. मला इतका आनंद झाला की घरी जाताना एमआरटीत, मेट्रोच्या डब्यात मी एकटीच हसत होते. कुणालाही बोलले नाही. शनिवारी तिच्यापुढे असं झोकात थांबायचं, तिला चकित करायचं, असं ठरवलं होतं.

त्याच शनिवारी क्वालालंपूरच्या स्पर्धेची यादी लागायची होती. साधीच मैत्रीपूर्ण स्पर्धा. पण मी काय केलं होतं, माहीत आहे? यादी लागायच्या आठवडाभर आधीच हेल्मेट-बिल्मेट घालून काढलेला फोटो इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर टाकून मोकळी झाले होते. 'क्वालालंपूरला खेळायला चालले आहे!' अभिनंदनांचा पाऊस पडला. आईने तर देवापुढे पेढा ठेवला आणि सगळ्या आळीला सांगितलं. आपल्याकडे पोरीचं नाव परगावच्या यादीत येणं म्हणजे काय असतं, ते वेगळं सांगायला नको.

सराव सुरू व्हायच्या आधी तूलिक्कीने यादी वाचली. माझं नाव नव्हतं. माझ्यानंतर दोन महिन्यांनी आलेल्या मुलीचं होतं. मी सगळ्यांसमोर विचारलं, का? ती म्हणाली, "यू आर नॉट रेडी." झालं. पुढे 'पण' नाही, 'वाईट वाटून घेऊ नकोस' नाही. तिच्या देशात असंच बोलतात, आणि ते आदरानेच बोलतात, हे मला आज कळतं. तेव्हा कानशिलं तापली. पेढा आठवला.

इथून पुढे मी सगळ्यांना जे सांगितलं, ते आधी ऐका. शेवटची फेरी होती. पूर्ण वेगाने रिंकच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं. तूलिक्की पलीकडे कठड्यापाशी पाठमोरी वाकून चकत्या गोळा करत होती. माझा वेग आवरला नाही. मला थांबता येत नव्हतं, हे तर सगळ्यांनाच माहीत होतं. मी तिच्यावर जाऊन आदळले आणि तिचा गुडघा माझ्या आणि कठड्याच्या मध्ये सापडला.

यातलं एक वाक्य खोटं आहे.

मला थांबता येत होतं. ती मला दिसत होती. तिच्या जॅकेटवरचं नाव वाचता येईल इतक्या जवळ असताना मी मनात म्हटलं — आता थांब. पाय तयार होते. आणि मी थांबले नाही. बसू दे जरा धक्का, कळू दे हिला, असं काहीतरी मनात होतं. शब्द नेमके आठवत नाहीत, चव आठवते. गुडघा मोडावा असं मी ठरवलं नव्हतं, पण असं म्हणून त्यातलं काय कमी होतं? तो आवाज झाला तेव्हा माझ्या तोंडून "आई गं" निघालं. ती दोन्ही हातांनी गुडघा धरून बर्फावर बसली.

नोव्हेनाच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. आतले स्नायुबंध तुटले होते. दुसऱ्या दिवशी मी भीतभीत गेले, सांगायचं ठरवूनच गेले होते — खरंच. पण मी तोंड उघडायच्या आत तिने माझा हात धरला आणि म्हणाली, चूक माझी आहे. थांबायला शिकवायच्या आधी मी तुला वेग शिकवला. कोचने असं करायचं नसतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मी? मी मान हलवली. नाही म्हणून हलवली की हो म्हणून, ते तिचं तिने ठरवलं.

मग सहा आठवडे मी तिला डबे पोचवले. मुगाची खिचडी, साजूक तूप, भाजलेला पापड. तिचे केस धुऊन दिले, भाजी आणून दिली. ऑफिसात सगळे म्हणायचे, किती करतेस तिचं! आई फोनवर म्हणायची, पुण्य लागेल गं तुला. मी ऐकून घ्यायचे. खोटं कशाला, बरं वाटायचं. कुबड्या घेऊन ती फिनलंडला परत गेली, तेव्हा चांगी विमानतळावर तिने मला घट्ट मिठी मारली. क्लबने दुसरी कॅप्टन निवडली. तो सीझन तिने स्टँडमध्ये बसून पाहिला. त्यानंतर ती एकही सामना खेळली नाही.

आता ती तिच्या गावात लहान मुलींना शिकवते. गावात मुलींचे दोन संघ झालेत. तिची पद्धत प्रसिद्ध आहे म्हणे — पहिले तीन आठवडे फक्त थांबणं, वेग नंतर. तिची एक मुलाखत मी फोनवर भाषांतर करून वाचली. त्यात ती म्हणते, सिंगापूरला एका विद्यार्थिनीच्या बाबतीत माझ्या हातून मोठी चूक झाली, तिथे मी हे शिकले. ती वाचल्यावर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. नवऱ्याला पित्ताचं कारण सांगितलं.

मागच्या महिन्यात तिचा मेसेज आला. नव्या मुलींसाठी एक छोटा व्हिडिओ पाठवशील का? थांबता आलं नाही तर काय होतं, ते तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना पटेल.

वेळ होता. फोन हातात होता. ती समोर नव्हती, तिचे डोळे समोर नव्हते, याहून सोपी संधी कुणाला मिळते? मी केस विंचरले, खिडकीशी उजेडात बसले आणि बोलले. मला थांबता येत नव्हतं, म्हणाले. पहिल्यांदा आवाज कापला म्हणून पुसून पुन्हा केला. दुसरा छान आला. पाठवला.

संध्याकाळी उत्तर आलं. मुलींनी दोनदा पाहिला. एका मुलीने विचारलं, त्या बाईंना अजून वाईट वाटतं का? मी त्यांना नीट समजावलं, असं तूलिक्कीने लिहिलं होतं — तुझा काहीही दोष नव्हता.

होता.