मास्तरांची रंगीत रिम

माझ्या टोफूभजीच्या गाडीशेजारी बू सुमिलाहचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला ‘बू’ म्हणतात. ही साठीची, पण हट्टाला पेटली की गिऱ्हाइकालाही जुमानत नाही.

परवा डोंगरावरच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर विरात्नो आले. त्यांची सायकल फिक्स्ड गिअरची, म्हणजे चाक फिरतंय तोवर पेडलही फिरणारच. ब्रेक एकही नाही. वर रिमच्या तिरप्या कडांवर त्यांनी हाताने बाटिकची नक्षी रंगवलेली.

“बू, फक्त हवा भरा. थांबायचं मी पायांनी बघतो.”

“आणि उतारावर पायांनी दगा दिला म्हणजे? ब्रेकशिवाय ही सायकल इथून हलायची नाही.”

तिने पुढच्या चाकाला ब्रेक बसवला. दाबून बघितला, तर रबर तिरप्या कडेवरून घसरलं आणि नक्षी खरवडून निघाली.

मास्तर कळवळले, “अहो, आठवडा घातला होता त्यात!”

“अजून बरेच आठवडे काढायचेत तुम्हाला,” ती फणकारली.

मग तिने स्वतःच्याच सायकलच्या चाकाची सपाट कडांची रिम सोडवली. तारांची भोकं दोन्ही रिमना छत्तीसच. आपल्याच चाकाच्या लांब तारा एकेक करून ओवत, ताणत तिने दुपारभर बसून मास्तरांचं चाक बांधलं. सारोंग वर खोचून नदीच्या उतारावर सायकल स्वतः पळवून पाहिली. ब्रेक दाबताच ती जागीच थांबली.

मास्तर हिरमुसले होते. “साधीच दिसते आता. मित्र हसतील, बू.”

“हसू देत की! ऐकायला तुम्ही असाल तरी.”